पर्यावरणविषयक आंतरराष्ट्रीय करार कसा वाचावा

आंतरराष्ट्रीय पर्यावरण कायदा समजून घेताना भारदस्त जाहीरनाम्यांऐवजी एखादा प्रत्यक्ष करार हाती घ्यावा. ओझोन थराच्या रक्षणासाठीचा १९८७ चा मॉन्ट्रियल करार त्यासाठी उत्तम. आधी त्याचा पाया असलेला १९८५ चा व्हिएन्ना करार चाळावा. त्यात सहकार्याची सर्वसाधारण बांधिलकी आहे, कपातीचे आकडे नाहीत.

मॉन्ट्रियलच्या कलम २ ला मात्र भरपूर वेळ द्यावा, कारण खरी करामत तेथेच आहे: यादीतील रसायनांच्या कपातीचे वेळापत्रक, एकमत न झाल्यास, दोन तृतीयांश बहुमताने कडक करता येते आणि तो बदल विरोधात मत देणाऱ्या देशावरही बंधनकारक ठरतो, नवे रसायन जोडायचे असेल तर दुरुस्ती लागते, आणि ती स्वीकारणाऱ्या देशालाच लागू होते. कलम ४ व ५ एकत्र वाचावीत. पहिल्यात कराराबाहेरील देशांशी व्यापारावर निर्बंध आहेत, दुसऱ्यात विकसनशील देशांना कपात दहा वर्षे लांबवण्याची सवलत. तरीही भारत १९९२ मध्ये, म्हणजे १९९० च्या लंडन बैठकीत विकसनशील देशांच्या अर्थसाहाय्याचा निधी ठरल्यानंतरच, सामील झाला.

शेवटी प्रत्येक देशाने कोणत्या दुरुस्त्या स्वीकारल्या ते तपासावे. हायड्रोफ्लोरोकार्बन (एचएफसी) या शीतकरणातील वायूंच्या कपातीची २०१६ ची किगाली दुरुस्ती भारताने २०२१ मध्ये स्वीकारली.