शेअर घेण्याआधी शेववाला बघा

इंदूरला सराफ्यात माझा एक ठरलेला शेववाला आहे. दरवर्षी भाव वाढवतो, गिऱ्हाईक कुरकुरतं आणि तरी अर्धा किलो लौंग सेव घेऊनच जातं. अमेरिकेतला नामवंत गुंतवणूकदार वॉरन बफे शोधतो तो धंदा हाच. १९७२ साली त्याने सीज कँडीज ही मिठाईची कंपनी २.५ कोटी डॉलरला घेतली. तिचा करपूर्व नफा ५० लाख डॉलरच्या आत होता, पण धंद्यात गुंतलेलं भांडवल जेमतेम ८० लाख, म्हणजे थोड्या पैशावर भरपूर कमाई!

तेव्हा जिचा शेअर घ्यायचा त्या कंपनीचे आधी दहा वर्षांचे वार्षिक अहवाल उतरवून घ्या. अध्यक्षांचं भाषण सोडा, थेट रोख प्रवाहाच्या (कॅश फ्लो) पानावर या. एका रकान्यात निव्वळ नफा, शेजारी कामकाजातून आलेली रोकड. दोन्हींच्या बेरजा जवळपास जुळल्या तरच पुढे चला. मी हे न करता भाच्याच्या टिपवर चाळीस हजार घातले होते. कागदावर नफा फुगत होता, गिऱ्हाइकांकडे थकलेली उधारी त्याहून जोरात. हातात आले नऊ हजार. (भाचा अजून जेवायला येतो.)

कर्ज तीन-चार वर्षांच्या नफ्यात फिटेल एवढंच असावं. बँकांना हे माप लावू नका.

मग किंमत. तुमच्या हिशेबाने शेअर १०० चा, तर ७० ला मिळेपर्यंत थांबा. हे अंतर बफेचे गुरू बेंजामिन ग्रॅहम यांनी शिकवलं, कारण आपला हिशेब चुकतोच. माझ्या वहीत तीन नावं पेन्सिलीने लिहिलेली आहेत, त्यातलं एक दोन वर्षांपासून. रविवारी पोहे-जिलबी झाली की भाव बघतो.