पहिला वस्तरा घेताना

पहिला वस्तरा घेताना विक्रेत्याला सर्वांत आधी धारेविषयी विचारावे. मूठ शिसवीची की शिंगाची, पात्यावर नक्षी आहे की नाही, हे प्रश्न मागाहून आले तरी चालतात. कारखान्यातून थेट आलेल्या पुष्कळशा नव्या वस्तऱ्यांची धार कागद सहज कापते, पण दाढीचे खुंट कापताना अडखळते आणि त्वचा ओरबाडते. असे पाते बारीक दगडावर पुन्हा घासून आणि चामड्यावर परजूनच वापरण्याजोगे होते. म्हणून वस्तरा दाढीसाठी तयार करून दिला आहे का, धार हाताने लावली आहे का, आणि कोणत्या दगडापर्यंत नेली आहे, हे स्पष्ट विचारावे. उत्तर गुळमुळीत मिळाले, तर धार जाणकाराकडून लावून घेण्याचा खर्च वस्तऱ्याच्या किमतीतच धरावा. वस्तऱ्याची दाढी आपल्याला जमणारच नाही अशा समजुतीने जे लोक ती पहिल्या आठवड्यात सोडून देतात, त्यांतील बऱ्याच जणांच्या हातात मुळात बोथट पाते असते.

हातात आलेल्या धारेची परीक्षा अंगठ्यावर किंवा नखावर करू नये. नखावर घासल्याने चांगली धारही बिघडते. पाते चामड्यावर परजून झाल्यावर ते मनगटाच्या वर त्वचेपासून थोडे उंच धरावे आणि त्वचेला न लावता केसांच्या शेंड्यांवरून हळूच फिरवावे. केस न वाकता तुटून पडले आणि तेही पात्याच्या टोकापासून मुठीजवळच्या भागापर्यंत सर्वत्र सारखेच, तर धार ठीक आहे. मधला भाग कापतो पण टोकाकडे केस नुसते वाकतात, असे झाले तर पाते दगडावर एकसारखे टेकलेले नाही असे समजावे.

पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागांत मोजतात. नवशिक्याला 5/8 किंवा 6/8, म्हणजे सुमारे 16 ते 19 मिलिमीटर रुंदीचे पाते सोयीचे पडते. त्याहून अरुंद पात्यावर फेस फारसा साठत नाही आणि ते सारखे पुसावे लागते. त्याहून रुंद पाते जड लागते आणि नाकाखाली वळवताना अडचणीचे होते. पात्याच्या बाजू किती खोलगट घासल्या आहेत, तेही पाहावे. पूर्ण खोलगट पाते पातळ आणि किंचित लवचिक असते, आणि केस कापताना त्याचा बारीक आवाज येतो. हा आवाज शिकणाऱ्याला फार उपयोगी पडतो, कारण कोन चुकला की तो बदलतो. पाचरीसारखे भरीव पाते राठ दाढीवर डगमगत नाही. मात्र त्याला दगडावर नीट धार लावणे कष्टाचे असते, आणि आवाजाची साथही जवळजवळ मिळत नाही. मधली घडण म्हणजे अर्धे खोलगट पाते, आणि दाढी राठ असेल तर पहिल्या खरेदीला तेच बरे.

टोकाच्या बाबतीत मात्र निवड करण्यासारखे काही नाही: गोल टोकच घ्यावे. चौकोनी टोकाने मिशीची कड आणि कल्ले रेखीव काढता येतात हे खरे, पण त्याच कोपऱ्याने कानाची पाळी किंवा नाकपुडी कापली जाते, आणि तीही लक्ष दुसरीकडे असताना.

पोलादाचे मुख्यतः दोन प्रकार आढळतात. साधे कार्बन पोलाद दगडावर लवकर धार घेते, पण ओले राहिले तर काही तासांतच डाग पडू शकतात. स्टेनलेस पोलादाला धार लावायला जास्त वेळ लागतो, पण दमट न्हाणीघरात ते निभावते. न गंजणारे असे त्याचे नाव असले तरी तेही कोरडे करावेच लागते. उत्पादनाच्या गावांपैकी जर्मनीतील झोलिंगेन आणि फ्रान्समधील तिएर ही नावे आजही पात्यांवर दिसतात, तर इंग्लंडमधील शेफिल्डचे नाव बहुधा जुन्या वस्तऱ्यांवर सापडते. झोलिंगेनच्या नावाला 1938 पासून कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे त्या शिक्क्याला काही अर्थ आहे. मात्र शिक्का पोलादाचा आणि घडणीचा भरवसा देतो, धारेचा देत नाही.

जुना वस्तरा कमी पैशांत उत्तम पाते मिळवून देऊ शकतो. तो पारखून मात्र घ्यावा लागतो. धार लावताना वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात, म्हणजे धारेचा कोन हाताने ठरत नसून पाठीच्या जाडीने ठरतो. म्हणूनच पाठ एका बाजूला जास्त झिजलेली असेल, तर दोन्ही बाजूंचे कोन जुळत नाहीत आणि धार सरळ येत नाही. पाते उजेडासमोर धरून धारेची रेषा पाहावी: ती सरळ किंवा किंचित बाहेर फुगलेली चालते, पण मध्ये आत गेलेली असेल तर तो वस्तरा सोडून द्यावा. पाठीजवळचे गंजाचे डाग केवळ दिसण्याचा प्रश्न आहेत. धारेलगतचे खड्डे मात्र घासत गेल्यावर धारेतच उघडे पडतात आणि तिला दाते पाडतात. धारेपाशी बारीक चीर असेल तर किंमत कितीही कमी असो, वस्तरा घेऊ नये. मिटवलेले पाते मुठीच्या बरोबर मधोमध बसते का, तेही बघावे. जुन्या सेल्युलॉइडच्या, म्हणजे एका जुन्या प्लॅस्टिकच्या, मुठीबद्दल विशेष सावध राहावे, कारण ते विघटित होऊ लागले की त्यातून निघणारे आम्लयुक्त वायू आत मिटलेल्या पात्याला गंजवतात.

वस्तऱ्याइतकाच आवश्यक असतो तो चामड्याचा पट्टा, आणि तो दाढीच्या दर वेळी लागतो. सुमारे तीन इंच रुंदीचा पट्टा असला की पाते पूर्ण लांबीने त्यावर मावते. अरुंद पट्ट्यावर ते तिरपे ओढावे लागते आणि सुरुवातीला हात चुकतो. बहुतेक टांगत्या पट्ट्यांना एक बाजू कापडाची आणि एक चामड्याची असते: आधी कापडावर वीसेक फेऱ्या, मग चामड्यावर चाळीस-पन्नास, हे प्रमाण पुरेसे आहे. पाठ पुढे आणि धार मागे अशा दिशेने, अजिबात दाब न देता पाते ओढावे आणि पट्ट्याच्या टोकाशी आल्यावर ते पाठीवरून उलटवावे. धारेवरून उलटवले की चामड्याला चीर पडते, आणि शिकताना ती पडतेच. म्हणून पहिला पट्टा साधा आणि स्वस्त घ्यावा, हौस दुसऱ्यासाठी ठेवावी. पट्टा ताणून धरावा, कारण सैल पट्ट्यावर चामडे धारेभोवती वळते आणि ती गोलसर होते. टांगायला जागा नसेल तर लाकडी फळीवर चिकटवलेले चामडेही चालते.

दगडांचा संच लगेच घेण्याची गरज नाही. 1000 क्रमांकाच्या दगडावर (क्रमांक जितका मोठा, तितका दगड बारीक) धारेचा मूळ उतार बसवणे, मग 4000 आणि 8000 वरून 12000 पर्यंत चकाकी आणणे, ही स्वतंत्र विद्या आहे. वस्तरा कसा चालायला हवा हेच अजून ठाऊक नसताना ती शिकायला घेतली, तर दोष हाताचा की धारेचा हे कळायला मार्ग राहत नाही. पट्ट्यावर नियमित परजलेले पाते महिनोन्‌महिने टिकते.

बदलत्या ब्लेडच्या वस्तऱ्याला पट्टाही लागत नाही आणि दगडही नाही, त्यामुळे कोन आणि पकड जमते का हे कमी खर्चात पाहता येते. तरीही त्याचे ब्लेड हलके आणि ताठ असते, चुकीला माफ करत नाही. त्यावरून खऱ्या वस्तऱ्याची परीक्षा करू नये.

उरलेल्या वस्तूंना फार विचार लागत नाही. कृत्रिम तंतूंचा ब्रश लवकर वाळतो आणि त्याला भिजवत ठेवावे लागत नाही. डब्यातल्या तयार फेसापेक्षा ब्रशने घोटलेला साबणाचा फेस जास्त ओला आणि निसरडा राहतो, आणि वस्तऱ्याला तेच हवे असते. किरकोळ खरचटण्यासाठी तुरटीचा खडा जवळ असावा.

दाढी झाल्यावर पाते धुऊन मऊ कापडाने पाठीकडून धारेकडे पुसावे, मग कापडी पट्ट्यावर काही फेऱ्या देऊन धारेवरचा ओलावा काढावा. मूठ आणि पाते जिथे जोडलेले असतात त्या खिळीपाशी पाणी हमखास अडकते, त्यामुळे वस्तरा लगेच न मिटता काही वेळ उघडा ठेवावा. काही दिवस वापर होणार नसेल, तर पात्यावर खनिज तेलाचा पातळ थर द्यावा आणि पुढच्या दाढीपूर्वी तो पुसून काढावा.