हमिंगबर्ड ओळखताना या चुका टाळा

शिमग्याच्या सुमारास पळस-पांगारा फुलला की आमच्या पक्षीनिरीक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो यायला लागतात. कुणी परभणीहून पाठवतं, कुणी कळमनुरीहून, कुणी उदगीरहून. खाली ओळ ठरलेली: "सर, हमिंगबर्ड दिसला बगा!" वर्षानुवर्षं मी तेच उत्तर देतो आहे: तो हमिंगबर्ड नव्हे. अलीकडे त्यात आणखी एक भर पडली. आपल्याकडची माणसं कोस्टारिका, इक्वेडोरला जाऊन येतात, खरेखुरे हमिंगबर्ड कॅमेऱ्यात टिपून आणतात आणि नावं मात्र रंग बघून ठोकून देतात. दोन्हीकडचं दुखणं एकच. चकाकी दिसली की नजर तिथेच अडकते आणि चोच, शेपूट, पाय बघायचं राहून जातं.

मराठवाड्यात हमिंगबर्ड नाही

हे आधी मनाशी पक्कं करा. हमिंगबर्डचं कुळ, म्हणजे ट्रोकिलिडी, आज फक्त दोन्ही अमेरिका खंडांत आणि आसपासच्या बेटांवर आहे. उत्तरेला अलास्का, दक्षिणेला टिएरा डेल फुएगो. जाती ३६० च्या आसपास, आणि सगळ्यात जास्त दाटी अँडीजच्या उतारांवर, कोलंबिया आणि इक्वेडोरमध्ये. जर्मनीत सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीचे हमिंगबर्डसारख्या पक्ष्याचे जीवाश्म सापडले, त्यांचं वर्णन २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. हा दाखला पुढे करून "मग आपल्याकडं का नसंल?" असं विचारणारे भेटतात. तीन कोटी वर्षांपूर्वी युरोपात काय उडत होतं, यावरून आज सेलूच्या शेतात काय दिसेल ते ठरत नाही.

आपल्या जास्वंदीवर, शेवग्यावर येतो तो शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी. विणीच्या दिवसांतला जांभळा शिंजीर नर निळा-जांभळा चमकतो, लांबी दहा सेंटिमीटरच्या आत, चोच बाकदार, आणि फुलासमोर क्षणभर हवेत थांबतोही. लोक फसतात ते या शेवटच्या गोष्टीला. पण जरा दम धरा. शिंजीर दोन-चार पंख मारून लगेच फांदी पकडतो आणि उलटासुलटा लोंबकळून मध पितो. त्याचे पाय भक्कम असतात. हमिंगबर्डचे पाय इतके किरकोळ की त्याला धड चालता येत नाही. तो फुलासमोर हवेतच थांबतो आणि तसाच मागे सरकतो. त्याचा पंख खांद्यातून फिरतो, आडव्या आठच्या आकड्यात, त्यामुळे पंख पुढे जाताना आणि मागे येताना, दोन्ही वेळा उचल मिळते. शिंजिराला हे जमत नाही.

या चुकीचा मला एवढा राग का, ते सांगतो. जालना जिल्ह्यातल्या एका मोसंबीच्या बागेत शिंजिराच्या जोडीनं घरटं केलं होतं. घरातल्या मुलानं मादीचा फोटो काढून दोस्तांना पाठवला. तो फिरत फिरत एका स्थानिक बातमीवाल्याकडे गेला आणि त्यानं कुणालाही न विचारता "जिल्ह्यात हमिंगबर्डचं आगमन" असं छापलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून बागेत मोटारसायकली. शाळेची पोरं, रील करणारे, लांबचा कॅमेरा नसलेले म्हणून अगदी हातभर अंतरावर जाणारे. एकानं तर नीट दिसावं म्हणून फांदी खाली ओढून धरली. मी पोचलो तेव्हा मालक रडकुंडीला आले होते. "सर, लोक ऐकंनात. ठिबकच्या नळ्या तुडवल्या, कुंपण मोडलं. तुम्ही तरी सांगा."

सांगायला घरटं पुरेसं होतं. फांदीच्या टोकाला लोंबती पिशवी, कोळ्याच्या जाळ्यानं बांधलेली, सालपटं-काड्या चिकटवलेली, बाजूला दार आणि दारावर छोटीशी पडवी. हे शिंजिराचं घरटं. हमिंगबर्डही कोळ्याचं जाळं वापरतो, पण तो वरून उघडी वाटी विणतो. ज्यानं एकदा तरी दोन्हींची चित्रं शेजारी ठेवून पाहिली आहेत, त्याचा गोंधळ होणारच नाही. मी गर्दीला हे समजावलं तेव्हा निम्मे लोक "मग साधीच चिमणी हाय का" म्हणत निघून गेले. मादी पलीकडच्या बाभळीवर ओरडत बसली होती. शिंजिरात अंडी एकटी मादी उबवते. ती बराच वेळ घरट्यावर आली नाही की संपलंच. ती अंडी वाया गेली. एक चुकीचं नाव छापण्याची ही किंमत, आणि ती त्या पक्ष्यानं मोजली.

म्हणून माझा नियम असा: फोटो ग्रुपवर टाकण्याआधी गाव आणि झाड सांगा, घरट्याचा फोटो असेल तर जागा अजिबात सांगू नका. आणि "दुर्मिळ" हा शब्द ओळख पटेपर्यंत वापरू नका.

चोच सारखी म्हणजे सोयरीक नाही

शिंजीर आणि हमिंगबर्ड एकमेकांचे भाऊबंद आहेत, असं शाळेच्या तक्त्यांवरसुद्धा वाचलंय. शिंजीर हा चिमणी-कावळ्याच्या मोठ्या गोतावळ्यातला. फुलातला मध हे एकच अन्न दोघांच्या वाट्याला आलं, म्हणून लांब चोच आणि चमकदार पिसं दोघांत वेगवेगळी घडली. हमिंगबर्डची खरी जवळची नातलग आपल्याकडे आहे, ती म्हणजे पाकोळी. जुन्या वाड्याच्या कमानीत, पुलाच्या पोटाशी पिसं-गवत लाळेनं चिकटवून घरट्यांचा पुंजका करून राहणारी, दिवसभर आभाळात भिरभिरणारी पाकोळी. तिचेही पाय दुबळे, तिच्याही पंखात दंडाचं हाड आखूड आणि पुढचा भाग लांब. दोघांचे पूर्वज सुमारे ४.२ कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले. आजच्या सगळ्या हमिंगबर्डांचा सामाईक पूर्वज दक्षिण अमेरिकेत सुमारे २.२ कोटी वर्षांपूर्वीचा.

कुळाच्या आतही हीच चूक होते. २०१४ मध्ये २८४ जातींच्या डीएनएवरून जो वंशवृक्ष प्रसिद्ध झाला, त्यात हमिंगबर्डचे नऊ गट पडले: टोपाझ, हर्मिट, मँगो, ब्रिलियंट, कोकेट, पॅटॅगोना, माउंटन जेम, बी आणि एमराल्ड. वाकडी चोच दिसली की लोक पक्षी हर्मिटमध्ये ढकलतात. व्हायोलेट सेबरविंगची चोच वाकडीच आहे, पण तो एमराल्ड गटातला. उलट सरळ चोच सगळ्या गटांत सापडते. चोचीचा आकार फुलाच्या नळीप्रमाणे घडतो. सोर्डबिल्ड हमिंगबर्डची चोच शेपूट सोडून बाकी अंगापेक्षा लांब असते, कारण तो लांब नळीच्या कृष्णकमळांवर जगतो. कॅरिबियन बेटांवरच्या पर्पल-थ्रोटेड कॅरिबमध्ये तर मादीची चोच नरापेक्षा लांब आणि जास्त वाकलेली असते, कारण दोघं हेलिकोनिया या केळीसारख्या पानांच्या झाडांची वेगवेगळी फुलं धुंडाळतात. नुसत्या चोचीवर गेलात तर या नवरा-बायकोला दोन जाती ठरवाल.

रंगावरून नाव ठेवू नका

ही माझी सगळ्यात नावडती चूक. लातूरचे एक डॉक्टर मित्र कोस्टारिकाच्या डोंगरातून फोटो घेऊन आले. प्रत्येक फोटोवर नाव लिहिलेलं. त्यातले तीन मी बाजूला काढले. एकावर लिहिलं होतं "हिरवा हमिंगबर्ड, मादी", दुसऱ्यावर "काळ्या गळ्याचा", तिसऱ्यावर "फायरी-थ्रोटेड, नर". तिन्ही फोटोंत फांदी तीच, त्यावरचं शेवाळ तेच, फोटोंच्या वेळेत मिनिटाचाही फरक नाही. पक्षी एकच होता आणि त्यानं फक्त मान वळवली होती.

फायरी-थ्रोटेड हा कोस्टारिका आणि पश्चिम पनामाच्या उंच डोंगरांतला पक्षी. बाजूनं पाहिला तर साधा हिरवा. समोरून, जरा वरून पाहिला की गळा तांबडा-नारिंगी पेटतो, कडेला पिवळा, छातीवर निळा. भर म्हणजे यात नर-मादी सारखेच दिसतात. म्हणजे डॉक्टरांच्या एका पक्ष्याच्या तीन जाती तर झाल्याच, वर एक बायकोही झाली. त्यांना वाईट वाटलं, पण मी गप्प बसलो असतो तर तेच फोटो पुढच्या महिन्यात शाळांमधून दाखवले गेले असते.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे सवय बदलेल. या पिसांतला चमकता रंग रंगद्रव्याचा नसतो. पिसाच्या बारीक तंतूंत मेलॅनिनच्या चपट्या थाळ्या असतात, आत हवेचे बुडबुडे, आणि अशा थरांवर थर. प्रकाश या थरांवरून परावर्तित होताना काही रंग एकमेकांत मिळून उजळतात, काही विझतात. कोन बदलला की रंग बदलतो, आणि कोन चुकला की तोच गळा काळा. पैठणीचा धूपछाँव पदर हातात धरून वळवा, तिथं दोन रंगांच्या धाग्यांची करामत असते आणि इथं थरांची, पण डोळा तसाच फसतो.

माझी सवय सांगतो. फोटो हाती आला की मी आधी तो मोबाईलवर कृष्णधवल करतो. मग वहीत लिहितो: चोच डोक्याच्या किती पट, सरळ की वाकडी; शेपूट दुभंगलेली, गोल की टोकदार; शेपटीच्या कोपऱ्यांवर पांढरं आहे का; डोळ्यामागे पट्टा आहे का; पाठीमागची फुलं कुठली. हे सगळं लिहून झाल्यावरच रंग परत आणतो. त्यातही दोन खुणांवर विश्वास ठेवतो: चोचीचा रंग आणि शेपटीचा तांबूसपणा, कारण तांबूस रंग रंगद्रव्याचा असतो, तो कोनानं असा पालटत नाही. रूफस-टेल्ड हमिंगबर्ड मध्य अमेरिकेत बागाबागांतून दिसतो. तांबडी चोच, काळं टोक आणि विटकरी शेपूट एवढ्यावर तो सहसा ओळखू येतो, गळा हिरवा दिसो वा काळा.

नवीन मुलांना हे कंटाळवाणं वाटतं. त्यांना ॲपमध्ये फोटो टाकून दोन सेकंदांत नाव हवं असतं. ॲप वाईट नाही, पण ठिकाण न भरता, उंची न सांगता विचारलंत तर ते अंदाजच करणार. कोस्टारिकातल्या पर्पल-थ्रोटेड आणि व्हाइट-थ्रोटेड माउंटन जेमचे नर गळ्यावरून वेगळे कळतात. माद्या मात्र जवळजवळ सारख्या. तिथं तुम्ही कुठल्या डोंगररांगेत उभे होता यावरच बहुतेक वेळा निकाल लागतो, आणि ते तुम्हीच लिहून ठेवलेलं नसेल तर ॲप काय करणार?

ज्यांना अमेरिकेत जायचंय त्यांनी सराव इथेच करावा. घराजवळच्या पांगाऱ्यावरचा शिंजीर नर सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी बघा. मराठवाड्याच्या बाराच्या उन्हात, प्रकाश मागून असला की तो कोळशासारखा दिसतो. तोच सकाळी अंगावर ऊन घेतो तेव्हा जांभळा. वीण आटोपली की नर बराचसा मादीसारखा होतो, गळ्यापासून पोटापर्यंत फक्त एक काळपट पट्टी उरते. ती पट्टी ज्याला दिसली, त्याला हमिंगबर्डची पिल्लंही नीट बघता येतील.

तपकिरी म्हणजे मादी, हाही भ्रम

हर्मिट गटातले पक्षी तपकिरी, राखाडी, विटकरी. दाट जंगलाच्या सावलीत राहतात, शेपटीची मधली पिसं लांब आणि टोकाला पांढरी, घरटं हेलिकोनिया किंवा ताडजातीच्या पानाच्या टोकाला आतून चिकटवलेलं. बहुतेक हर्मिटांमध्ये नर-मादीत फारसा फरक नसतो. फोटोत चमक नाही म्हणून लोक ते पुसून टाकतात. मला तर उलट वाटतं, ज्याला हर्मिट आवडायला लागला तो खरा पक्षीनिरीक्षक.

आणि चमकदार म्हणजे नर, हेही धरून चालू नका. व्हाइट-नेक्ड जाकोबिनच्या सुमारे २० टक्के प्रौढ माद्या नरासारख्या निळ्या-पांढऱ्या असतात. पनामात केलेला हा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळी पिल्लं आधी नरासारखीच दिसतात. मोठेपणी बहुतेक माद्या रूप बदलतात, काही बदलत नाहीत. नराचं रूप ठेवणाऱ्या माद्यांना इतर हमिंगबर्ड कमी त्रास देतात आणि त्यांना खायला जास्त वेळ मिळतो.

बाकीच्या चुका थोडक्यात.

घाणेरीवर किंवा सदाफुलीवर भुणभुणणारं, पुढे दोन मिशा असलेलं ते हमिंगबर्ड नाही, तो हॉकमॉथ पतंग आहे. पाय मोजा, सहा भरतील. पावसाळ्यानंतर याचे व्हिडिओ दरवर्षी येतात.

बोटाएवढा पक्षी म्हणजे हमिंगबर्ड, असं नाही. क्युबाचा बी हमिंगबर्ड दोन ग्रॅमच्या आसपास, पण जायंट हमिंगबर्ड सुमारे २३ सेंटिमीटर आणि २० ग्रॅमच्या घरात. आपला फुलटोच्या पक्षी त्याच्यापुढे अगदीच चिमुकला. जायंटच्या आता उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची अशा दोन जाती मानतात, हे २०२४ मधलं काम. जुन्या पुस्तकात एकच नाव असेल. अमाझिलिया वंशातल्या कित्येक जातीही आता दुसऱ्या वंशांत गेल्या आहेत. म्हणून नावाशेजारी पुस्तकाचं वर्ष लिहा.

उष्ण कटिबंध म्हणजे उकाडा, असं समजून स्वेटर न नेणारे मला दरवेळी भेटतात. अँडीजमध्ये हे पक्षी ४,००० मीटरच्या वरही राहतात. पेरूच्या डोंगरातला ब्लॅक मेटलटेल रात्री गारठून निपचित पडतो, तेव्हा त्याच्या अंगाचं तापमान ३.२६ अंश सेल्सियसपर्यंत उतरलेलं मोजलंय. पहाटे डोळे मिटून बसलेल्या अशा पक्ष्याला मेलेला समजून हात लावू नका.

इंद्रधनुष्यासारखे सात पट्टे असलेला हमिंगबर्ड संगणकावर बनवलेला असतो. पुढे पाठवू नका.

ऑनलाइन मागवलेली लाल साखरपाण्याची बाटली गच्चीत टांगून हमिंगबर्डची वाट बघू नका. त्यापेक्षा जास्वंद लावा, शेवगा असेल तर तोडू नका, आणि उन्हाळ्यात पाण्याचं पसरट भांडं सावलीत ठेवून रोज घासत जा.