एआय एजंटला वेबपान वाचायला देताना

पावसाळ्यात कोल्हापुरात सकाळचा पहिला प्रश्न एकच: राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर? वेबपान वाचून हे सांगायचं काम मी एआय एजंटला, म्हणजे स्वतः पानं उघडून काम करणाऱ्या एआय प्रोग्रॅमला लावलं, तर त्यानं धोका पातळीचे 43 फूट हीच आजची पातळी म्हणून सांगितली. आईनं धान्याचे डबे माळ्यावर चढवायला घेतले होते. मी स्वतः ते पान उघडलं तर मेनू, जाहिराती, जुन्या बातम्या, आणि त्या गर्दीत खरा आकडा हरवलेला.

1. पानाच्या पूर्ण पत्त्याआधी 'आर.जिना.एआय' (r.jina.ai) आणि तिरकी रेघ (/) जोडा. जिना रीडर ही वेबसेवा बराचसा फापटपसारा गाळून मजकूर मार्कडाउनमध्ये, म्हणजे मोजक्या खुणांच्या साध्या मजकुरात देते. टोकनही, म्हणजे एआय मजकूर ज्या तुकड्यांत मोजतो तेही, कमी लागतात.
2. तो पत्ता आधी स्वतः ब्राउझरमध्ये उघडा. पुष्कळदा आकडा फोटोत असतो, मजकुरात येतच नाही.
3. एजंटला बजावा: इशारा 39 आणि धोका 43 फूट, हे आजचे आकडे नव्हेत. आजच्या आकड्यासोबत मूळ वाक्य आणि तारीख-वेळ दे. नसेल तर 'सापडलं नाही' म्हण. जिना रीडर कधी साठवलेली जुनी प्रतही देते, म्हणून वेळ पाहायचीच.

खासगी लिंक मात्र यातून कधीच देऊ नका. पत्ता बाहेरच्या सर्व्हरवर जातो.