इंग्रजी पुस्तक गॅरामाँडमध्ये लावताय? मग एवढं कराच

कादंबरी, आठवणी, निबंध असं सलग वाचायचं इंग्रजी पुस्तक असेल तर माझं मत कायम गॅरामाँड या फॉन्टला. क्लोद गॅरामाँनं ही अक्षरं सोळाव्या शतकात पॅरिसमध्ये कोरली, १५६१ मध्ये तो गेला, आणि १५९२ साली फ्रँकफर्टला छापलेल्या, अक्षरांचे नमुने दाखवणाऱ्या पत्रकात त्याची जी अक्षरं होती त्यांच्यावरून आजच्या ईबी गॅरामाँडची सरळ अक्षरं केलीत. हा फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट आहे, विकायच्या पुस्तकाला वापरला तरी चालतो.

सगळ्यात आधी साईज. याची छोटी अक्षरं मुळातच बुटकी आहेत, त्यामुळे नेहमीचा टाइम्स फॉन्ट १० पॉइंटला जेवढा दिसतो तेवढा दिसायला हा ११ च्या वर न्यावाच लागतो. डेमी म्हणजे नेहमीच्या कादंबरीच्या साईजच्या पुस्तकाला मी साडेअकरा पॉइंटच्या अक्षरावर साडेचौदा पॉइंट लेडिंग, म्हणजे एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंतचं अंतर, देईन आणि ओळ साधारण चार इंचांची, म्हणजे एका ओळीत साठ-पासष्ट अक्षरं बसतात आणि डोळा पुढच्या ओळीवर बरोबर येतो. पानं वाचवायला लेडिंग कमी करू नका प्लीज, या फॉन्टचा सगळा जीव त्या मोकळ्या जागेत आहे.

मग इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये ओपनटाइपचा, म्हणजे फॉन्टमधल्या जादा सोयींचा, मेनू उघडा, खरी मजा तिथे आहे. प्रपोर्शनल ओल्डस्टाइल, म्हणजे उंची कमीजास्त असलेले जुन्या वळणाचे, आकडे चालू करा आणि १९४७ हे साल इंग्रजी आकड्यांत टाईप करून बघा, एक बुटका राहतो आणि नऊ, चार, सात यांचे पाय ओळीखाली उतरतात, त्यामुळे साल मजकुरात मिसळून जातं, नाहीतर कॅपिटल अक्षरांसारखं ताठ उभं राहून डोळ्यात खुपतं. लिगेचर्स, म्हणजे जोडून काढलेली अक्षरं, पण चालू ठेवा, एफच्या पुढे आय आला की एफची वळलेली मान आयच्या टिंबावर आदळते, लिगेचरमध्ये दोघं नीट जुळतात. जोर द्यायचा तिथे इटॅलिक. बोल्ड मजकुरात नकोच, शीर्षकालासुद्धा मी स्मॉल कॅप्स, म्हणजे छोट्या अक्षरांच्या उंचीची कॅपिटल्स, हीच देईन, फक्त त्यात अक्षरांमध्ये थोडी जागा सोडा.

पुस्तकात मधेमधे मराठी ओळी असतील तर यात देवनागरी नाही हे लक्षात ठेवा. टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट जोडीला छान शोभतो, ल आणि श पण आपल्या वळणाचे मिळतात. मात्र इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर हा पर्याय निवडा नाहीतर जोडाक्षरं फुटतील, आणि लेडिंग ऑटोवर न ठेवता आकडा घालून पक्कं करा, नाहीतर मोठ्या साईजचा मराठी शब्द आला की ती ओळ खाली सरकते. मराठीची साईज डोळ्यानं ठरवा, शिरोरेघ इंग्रजी छोट्या अक्षरांच्या किती वर जाते ते बघून.

स्क्रीनवर बघून फायनल करू नका. दोन समोरासमोरची पानं शंभर टक्के साईजला, पुस्तकाला जो नॅचरल शेड, म्हणजे किंचित पिवळसर, कागद लागणार त्याच्यावरच काढा, कारण पांढऱ्याशुभ्र कागदावर बारीक रेघा आणखी बारीक वाटतात, आणि ते प्रिंट संध्याकाळी घरातल्या साध्या दिव्याखाली वाचून मगच पूर्ण फाइल लावायला घ्या.