बागेतील छोट्या रेल्वेचा रूळ: आधी पाया, मग रंग

बागेतील ४५ मिलिमीटर गेजचा, म्हणजे दोन्ही पट्ट्यांत तेवढे अंतर असलेला रूळ खराखुरा वाटावा, यासाठी रंगाआधी त्याच्या पायाकडे लक्ष द्यावे. गोल गोटे एकमेकांवरून घसरतात. म्हणून खाली पाणी झिरपू देणारा मुरूम दाबून बसवावा आणि त्यावर धारदार कडांची बारीक खडी चुरीसह पसरावी, म्हणजे ती आपोआप घट्ट बसते. रूळ मात्र जमिनीला पक्का जखडू नये. पितळेचा ३ मीटर लांबीचा रूळ तापमान ३० अंश सेल्सिअसने वाढताच सुमारे पावणेदोन मिलिमीटर लांब होतो, आणि सांध्यांत तेवढी फट नसेल तर तो वळणावर बाहेर फुगतो.

नवे पितळ उघड्यावर कालांतराने स्वतःच तपकिरी पडते, आणि माझ्या मते तो रंग कोणत्याही रंगकामापेक्षा सुंदर असतो. वाट पाहायची नसेल, तर रूळ अंथरण्यापूर्वी त्यावरील तेलकटपणा साबणाच्या पाण्याने काढून, वीजवाहक सांध्यांची टोके चिकटपट्टीने झाकून, बाजूंवर चकाकी नसलेल्या गंजकट तपकिरी रंगाचा पातळ थर द्यावा आणि तो वाळण्यापूर्वीच रुळाचा माथा व आतली वरची कड कापडाने पुसून घ्यावी, कारण इंजिनाला वीज तेथूनच मिळते. रुळाखालच्या काळ्या प्लॅस्टिक स्लीपरांवर (आडव्या पट्ट्यांवर) राखाडी रंगाचा जवळजवळ कोरडा ब्रश फिरवावा. प्रत्येक स्लीपरची छटा किंचित निराळी ठेवावी. माथा साफ करताना लोखंडी काथ्या मात्र कधीच वापरू नये, त्याचे तंतू इंजिनाच्या मोटारीतील चुंबकाला चिकटतात.