सायफाय सिनेमातल्या कृष्णवर्णीय पुरुषांवर लिहिताय? या चुका टाळा

हॉलिवूडच्या मोठ्या सायफाय सिनेमांत कृष्णवर्णीय पुरुष कसे रंगवले जातात, यावर मराठीत आता बरंच लिहिलं जातं. कॉलेजच्या प्रकल्पांत, फिल्म क्लबच्या अंकांत, अधूनमधून दिवाळी अंकांतही. असे लेख संपादनासाठी माझ्याकडे येतात आणि त्याच त्या चुका मी वर्षानुवर्षं खोडत बसतो. लिहिणारी मुलं हुशार असतात, विषयाबद्दलची चीडही खरी असते. पण सिनेमा पुन्हा बघायचा कंटाळा केला की ती चीड वाया जाते, आणि त्याचंच मला वाईट वाटतं.

"तो सगळ्यात आधी मरतो"

हे वाक्य दिसलं की मी पेन खाली ठेवतो आणि लेखकाला फोन करतो. कुठल्या सिनेमात? कोणाच्या आधी? उत्तर बहुतेक वेळा येत नाही, कारण वाक्य एखाद्या व्हिडिओतून उचललेलं असतं.

आमच्या क्लबात एकदा 'एलियन'चा (१९७९) खेळ होता. त्या निमित्ताने एका मुलाने निबंध लिहिला होता आणि खेळ सुरू होण्याआधी तो वाचून दाखवला. पहिलंच वाक्य होतं, की या सिनेमात कृष्णवर्णीय इंजिनिअर पार्करचा बळी सर्वांत आधी जातो. मग दिवे मालवले आणि सगळ्यांनी सिनेमा पाहिला. अवकाशजहाजावरच्या माणसांत आधी केन जातो, मग ब्रेट, मग डॅलस. अ‍ॅशचा निकाल तर पार्करच लावतो. याफेट कोट्टोने रंगवलेला हा पार्कर जवळजवळ शेवटपर्यंत टिकतो आणि लँबर्टला वाचवायला धावून जातो तेव्हा मरतो. चर्चेत एका ज्येष्ठ सभासदाने हा क्रम शांतपणे सांगितला आणि निबंध तिथेच कोसळला. लोक उरलेलं काही ऐकून घेईनात.

त्याच निबंधाच्या तिसऱ्या पानावर फार चांगला मुद्दा होता. जहाजावर पैशावरून भांडणारे दोघेच, पार्कर आणि ब्रेट. खालच्या मजल्यावर यंत्रांत हात काळे करणारे हे दोघे, आणि बोनसमधला वाटाही त्यांनाच कमी. पार्कर पहिल्या जेवणापासून तो विषय काढतो आणि बाकीचे त्याला गप्प करतात. म्हणजे १९७९ साली एका मोठ्या सिनेमात कृष्णवर्णीय कामगार आपल्या मजुरीचा हिशेब मागत होता. लेख या मुद्द्यावर उभा राहिला असता. तो बुडाला एका उसन्या वाक्यापायी.

माझी सवय साधी आहे. सिनेमा बघताना कोण, कधी आणि कोणासमोर मेलं हे मी वहीत लिहून काढतो. क्रम आपल्या हाताने लिहिला की असली वाक्यं सुचतच नाहीत.

मरण मोजायचं आणि जगणं सोडून द्यायचं

क्रम बरोबर लिहिणारेही पुढे इथे अडकतात. पाच सिनेमे घेतले, पाच मृत्यू मोजले, लेख संपला. मृत्यू मोजून फार थोडं कळतं. त्या माणसाला स्वतःसाठी काय हवं होतं आणि ते दाखवायला सिनेमाने किती वेळ दिला, हे बघावं लागतं.

'टर्मिनेटर २' (१९९१) घ्या. जो मॉर्टनचा माइल्स डायसन मरतो, तोही इतरांसाठी. पण त्याआधी आपण त्याच्या घरात जातो, बायको आणि मुलगा भेटतात, कामाचं त्याला लागलेलं वेड दिसतं. आपल्याच संशोधनातून काय होणार आहे हे ऐकताना त्याचा चेहरा कसा बदलतो, हे कॅमेरा थांबून बघतो. ते काम नष्ट करायचा निर्णय त्याचा स्वतःचा आहे. म्हणून हातातला स्फोटाचा चाप सांभाळत तो धापा टाकतो तेव्हा आपलाही श्वास अडकतो.

आता 'इंटरस्टेलर' (२०१४). डेव्हिड ग्यासीचा रोमिली यानात एकटा मागे राहतो. काळ फार संथ चालणाऱ्या ग्रहावर उतरलेले काही तासांत परततात, पण वर त्याची २३ वर्षं उलटलेली असतात. दाढी पांढरी झाली आहे, आवाज मंदावला आहे. तुम्ही परत याल ही आशा मी सोडली होती, असं तो सांगतो. एका माणसाने अवकाशात २३ वर्षं एकट्याने काढली! त्यावर वेगळा सिनेमा झाला असता. इथे त्याला मोजकी वाक्यं मिळतात, आणि लगेच आपण नायक कूपरच्या मुलांचे साठलेले निरोप बघायला बसतो. रडू येतं ते कूपरसाठी. तो प्रसंग सुंदर आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण रोमिलीला घरून कोणाचे निरोप आले, त्याचं कोणी होतं का, हे कोणीच विचारत नाही. पुढे तो एका स्फोटात जातो आणि कथा त्याच्यासाठी क्षणभर थांबते. रोमिलीवर लिहिताना मुलं तो स्फोट लिहितात. मी ती २३ वर्षं लिहा म्हणतो.

वहीत मी दोन रकाने आखतो. डावीकडे 'याला काय हवंय', उजवीकडे 'हा दुसऱ्यासाठी काय करतो'. उजवा रकाना भरून वाहतो आणि डावा कोरा राहतो, तिथे लेखाचा विषय असतो. 'इंडिपेंडन्स डे'मध्ये (१९९६) विल स्मिथच्या हिलरचा डावा रकाना सुरुवातीलाच भरतो: त्याला नासात जायचंय, तिथून नकाराचं पत्र येतं, एका स्त्रीवर त्याचं प्रेम आहे, तिच्या लहान मुलावर जीव आहे. मरतो त्याचा गोरा मित्र, आणि दुःख हिलरच्या वाट्याला येतं. रचना पूर्ण उलटी झाली, आणि तो त्या वर्षीच्या सर्वाधिक कमाईच्या सिनेमांपैकी एक ठरला. याउलट इद्रिस एल्बाने 'प्रोमिथियस' (२०१२) आणि 'पॅसिफिक रिम' (२०१३) या लागोपाठच्या सिनेमांत जग वाचवायला जीव दिला. दोन्हीकडे डावा रकाना भरून बघा. 'पॅसिफिक रिम'मधल्या पेंटेकॉस्टचा बराच भरतो, त्याने वाढवलेली माको आहे, त्याचं आजारपण आहे. 'प्रोमिथियस'मधल्या जॅनेकचा जवळपास रिकामा राहतो. एकच नट, दोन्हीकडे बलिदान, तरी दोघांना एका ओळीत बसवता येत नाही.

पोस्टरवरून निकाल देणं

'स्टार वॉर्स'मधल्या फिनवर लिहिणारे दोन टोकांना असतात. काहींनी 'द फोर्स अवेकन्स'चं (२०१५) पोस्टर पाहिलेलं असतं. त्यात जॉन बोयेगाच्या हातात लाइटसेबर, म्हणजे प्रकाशाची तलवार आहे, म्हणून त्यांच्या मते तोच नवा नायक. उरलेल्यांनी २०२०ची त्याची मुलाखत वाचलेली असते. कृष्णवर्णीय पात्राची एवढी जाहिरात करायची आणि मग त्याला बाजूला सारायचं, अशी त्याची डिस्नेबद्दलची तक्रार होती. हे लोक तीच तक्रार स्वतःच्या शब्दांत लिहून मोकळे होतात. तिन्ही सिनेमे ओळीने बघितलेले फार थोडे. सात तासांहून जरा जास्त वेळ लागतो. तेवढाही द्यायचा नसेल तर दुसरा विषय निवडा.

बघितले की दिसतं, फिनची कहाणी किती मोठी होऊ शकली असती. लहानपणी घरच्यांपासून तोडलेला मुलगा, नावाच्या जागी एफएन-२१८७ हा क्रमांक, गणवेशातून पळून आलेला सैनिक. त्याच गणवेशातले बाकीचे सैनिकही असेच पळवून आणलेले आहेत. पळाल्यावर तो त्यांच्यावरच गोळ्या झाडतो, आणि त्याला काय वाटतं हे सिनेमा विचारत नाही. तिसऱ्या भागात अशीच पळून आलेली जॅना भेटते, दोघं थोडंसं बोलतात आणि कथा पुढे धावते. अमेरिकेच्या इतिहासात ज्यांची नावं आणि घरं हिरावली गेली, त्यांची आठवण इथे कोणालाही होईल. बोयेगाच्या तक्रारीचा पुरावा पडद्यावर आहे, तो तिथून काढून दाखवा.

दोन पँथरांची सरमिसळ

ही खास आपली चूक. 'ब्लॅक पँथर' (२०१८) वर मराठी लेख आला की दुसऱ्या परिच्छेदात वाक्य येतं: या नायकाला ब्लॅक पँथर पक्षाचं नाव दिलं, त्याच पक्षावरून आपली दलित पँथर. दुसरा अर्धा भाग खरा आहे. १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या साथीदारांनी उभी केलेली संघटना त्या अमेरिकन पक्षाकडे बघूनच उभी राहिली. पहिला अर्धा भाग तारखांत बसत नाही. कॉमिकमधला पँथर १९६६च्या उन्हाळ्यात आला, पक्षाची स्थापना त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला झाली.

खरा धागा सिनेमाच्या आत आहे. दिग्दर्शक रायन कूगलर ओकलंडचाच, आणि सिनेमा जातो तो १९९२च्या ओकलंडमधल्या एका घरात. तिथे बाप गमावलेला मुलगा म्हणजे खलनायक किलमाँगर. जगभरच्या कृष्णवर्णीयांच्या हाती वाकांडा या काल्पनिक आफ्रिकी देशाची शस्त्रं द्यायची, ही त्याची मागणी. सिनेमातली सर्वांत मोठी इच्छा खलनायकाची आहे, आणि राजा टीचाला तिला उत्तर देता देता बदलतो. आपल्या वाचकाला हे समजावून सांगायला दलित पँथरचा संदर्भ जरूर आणा. फक्त इतिहास नीट लावा.

बाकीच्या, थोडक्यात

सगळ्यांना आफ्रिकन-अमेरिकन म्हणू नका. बोयेगा, एल्बा, ग्यासी, डॅनियल कालुया हे ब्रिटिश आहेत.

हिंदी डब पाहून अभिनयावर मत देऊ नका. टीचालाचे उच्चार आफ्रिकी असावेत म्हणून चॅडविक बोसमन आग्रही होता, आणि ते डबमध्ये राहत नाहीत.

फक्त दिसणारे चेहरे मोजू नका. 'स्टार वॉर्स'मधल्या डार्थ व्हेडरचा आवाज जेम्स अर्ल जोन्सचा, 'एलियन'मधल्या प्राण्याच्या आत नायजेरियाचा बोलाजी बदेजो, 'प्रिडेटर'च्या आत केव्हिन पीटर हॉल. ज्याची भीती वाटायची ते शरीर किंवा तो आवाज कोणाचा होता, हे लेखात आलंच पाहिजे.

'द मेट्रिक्स'मधल्या मॉर्फियसला 'नायकाचा सल्लागार' म्हणून सोडून देऊ नका. त्याची श्रद्धा आणि त्याचा शोध ही त्याची स्वतःची इच्छा आहे.

'द मार्शियन'मध्ये (२०१५) चिवेटेल एजिओफोरचा कपूर दिसला की आनंदाच्या भरात लिहू नका. मूळ कादंबरीत तो वेंकट कपूर आहे, सिनेमात व्हिन्सेंट झाला. एकाला जागा मिळताना दुसऱ्याची गेली, आणि दोन्ही बाजू लिहायला हव्यात.

आणि 'आय अ‍ॅम लेजंड'वर (२००७) लिहिताना कोणता शेवट पाहिलात ते सांगा. चित्रगृहात दाखवलेल्या शेवटी विल स्मिथचा नेव्हिल इतरांसाठी मरतो. दुसराही शेवट चित्रित झाला आहे. त्यात रोगाने हिंस्र प्राणी झालेल्या माणसांचं आपण काय केलं हे त्याच्या लक्षात येतं, त्यांची मादी तो परत करतो आणि जिवंत राहतो.